न पडणारा ब्रेकर

केळापूर, ता. १८ ऑक्टोबर १९६३

तीर्थरूप मामाजींना जावई धर्मपालचा सप्रेम जयभीम. (पूर्वी साष्टांग नमस्कार लिहायचो. आदर तेवढाच आहे, शाई जरा वाचते.) आपला खोकला कसा आहे? इकडे मी आणि कौसल्या धडधाकट आहोत, आणि धडधाकट माणसाला जिनिंगवाले सोडत नाहीत.

आपण विचारले होते की जावई तिथे नेमके करतो काय. तर पांढरकवड्याच्या जिनिंगात वायरमन म्हणून मी एका लोखंडी खोक्याची राखण करतो. त्याला ब्रेकर म्हणतात. कुठे बिघाड होऊन वीज भलतीच धावू लागली, की केबल पेटायच्या आत त्याने खटकन पडावे आणि वीज तोडावी, एवढेच त्याचे काम. मालकांनी तो कुठल्याशा बंद गिरणीतून आणला. वयाने तो आपल्या आणि आत्याबाईंच्या लग्नाच्याही आधीचा असावा. त्यात दर दसऱ्याला त्याची पूजा होते, आणि पूजा म्हणजे तेलात कालवलेला शेंदूर, तोही नेमका पडायच्या दांड्यावर. (रोजच्या चालू-बंदला वेगळा खटका आहे, म्हणून कोणाला पत्ता नाही.) थरावर थर बसून दांडा आता हातोडीनेही हलत नाही. आणि केबल जाते ती रुईच्या ढिगाखालून, जिथे हंगामात बावीस रेजा, म्हणजे मजूर बायका, दिवसभर वाकून काम करतात. त्यांतली एक आपली कौसल्या.

मॅनेजर बबनरावांना म्हटले, हंगामाआधी परीक्षा घेऊ. केबलचा हातभर तुकडा ब्रेकरला जोडून त्यांच्यासमोर मुद्दाम शॉर्ट केला. तुकडा धुरावला, पेटला, वितळून तुटला. ब्रेकर जागचा हलला नाही. मला वाटले, आता तरी पटेल. बबनरावांनी खोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पाह्य, केबल जळून गेली पन हा पठ्ठ्या पडला नाही. जुना माल हाये. तुही केबलच कच्ची." मी म्हटले, निदान शेंदूर खरडू द्या. तर म्हणाले, "तू आता बुद्धाचा झाला, तुले आमच्या देवाची कदर काहून राहीन?" आणि ब्रेकरच्या खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावून घेतली.

सात वर्षांपूर्वी आपण घरातले देव पाण्यात सोडले तेव्हा वाटले होते, सुटलो. दुसऱ्यांच्या देवांच्या हाती आपल्या बायका राहतीलच, हे तेव्हा लक्षात आले नाही. याचा संताप येतो, मामाजी, आणि तो घेऊन जायला जागा नाही.

मग तपासणीचा कागद आला. 'ब्रेकर तपासला, केबल सुरक्षित आहे' असे लिहून खाली वायरमनची सही. मी बबनरावांना तोंडावर सुनावले, हात तुटला तरी सही करणार नाही. शिकलेल्या माणसाने एवढा ताठा ठेवलाच पाहिजे.

आत्याबाईंना जयभीम सांगावा.

आपला,
धर्मपाल

ता. क. : तोंडावर सुनावले म्हणजे ते घरी गेल्यावर सुनावले.

आणखी ता. क. : सही मी मंगळवारीच केली. नाही केली तर बुधवारपासून येऊ नको म्हणाले होते. माझी मलाच शरम वाटते.

शेवटचा ता. क. : हंगाम २८ तारखेला सुरू होतो. त्याआधी येऊन कौसल्येला घेऊन जा. आत्याबाई आजारी आहेत म्हणा, काहीही म्हणा, खरे तेवढे सांगू नका. तिला कळले तर ती बाकीच्या एकवीस जणींना सांगेल, आणि कागदावर सही माझी आहे.