हाक पुढे द्यायची

बाबा,

मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात तुम्हाला ओळखणारं माणूस आता शोधावं लागतं. गेल्या आठवड्यात आर्णीला एका लग्नात असं एक माणूस भेटलं. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने माझं माहेर विचारलं, आणि मी कोणाची लेक हे कळल्यावर हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "मिस्तरीची पोरगी तू? लय देवमाणूस व्हता वो तुया बाप. जिनातल्या बायाले कधी वाकडा शब्द नाही बोलला." मी हसले. दुसरं काय करणार? पण त्यानंतर जेवण गेलं नाही. घरी येईपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, आणि ते भांडण अजून संपलेलं नाही म्हणून लिहायला बसले आहे.

वाकडा शब्द. तुम्ही एकदाच बोललात तो, पण असा बोललात की एका बाईचं त्या जिनातलं दाणापाणी कायमचं तुटलं. ते त्या म्हातारीला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं आणि मला होतं.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सालचा हंगाम. मी एकोणीस वर्षांची, सासरचं बिनसून परत आलेली. "घरी बसून रडण्यापक्षी कामाले चाल," म्हणून तुम्हीच मला घाटंजीच्या रस्त्यावरच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात नेलंत. पहिल्या दिवशी फाटकाशी थांबवून म्हणालात, "इथून आत मी तुया बाप नाही. इथं मिस्तरी म्हणाचं. सगळ्या बायाईले जो कायदा, तोच तुले." मला तेव्हा राग आला नव्हता. उलट छाती भरून आली होती. लेकीलाही सूट न देणारा बाप आपला आहे, असं वाटलं होतं.

आणि तुमचा तो दुसरा कायदा. लांबच लांब शेडमध्ये यंत्रांची रांग, प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. कापसातला पाला, कवडी म्हणजे नीट न उमललेला किडका कापूस, खडे वेचून टाकायचे आणि स्वच्छ कापूस यंत्राच्या तोंडी द्यायचा. रुई एका बाजूला, सरकी खाली. एखादा खडा किंवा बैलगाडीचा खिळा आत गेला की ठिणगी पडायची, आणि कापसाला ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिन शेडच्या एका टोकाला, तुम्ही त्याच्या दाराशी. आवाज इतका की दुसऱ्या टोकाची बाई गळा फाडून ओरडली तरी तुम्हाला ऐकू जाणं शक्य नाही. म्हणून तुम्ही ती रीत घातलीत. जिला काही दिसलं, वास आला, नुसती शंका आली, तिने शेजारणीकडे तोंड करून "बंद!" म्हणायचं. शेजारणीने काय झालं, कुठे झालं, काही विचारायचं नाही. आधी हाक पुढे द्यायची. बाईकडून बाईकडे ती हाक तुमच्यापर्यंत यायची, आणि तुम्हीही काही न विचारता इंजिन बंद करायचात. पुन्हा चालू करायला अर्धा अर्धा तास जायचा, मालकाचा मुनीम चडफडायचा. पण तुम्ही हलला नाहीत. "हाक खोटी निंगाली तरी चालन," तुम्ही रोज सकाळी सांगायचात, "पण आलेली हाक अडकली नाही पायजे. हाक देणारीले मी कधी बोलनार नाही, न कोणाले बोलू देनार नाही."

पहिल्याच आठवड्यात मी खोटी हाक दिली. कापसात काहीतरी चमकलं, मी घाबरून ओरडले. इंजिन थांबलं. सगळं उपसलं तर निघालं कोणाच्या तरी पोलक्याचं बटण. बाया खो खो हसल्या. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तुम्ही इंजिनापासून चालत आलात, ते बटण बोटात धरून पाहिलंत आणि हसणाऱ्या बायांवरच उखडलात. "हसता कायले? तिनं बराबर केलं. उद्या या बटनाच्या जागी खिळा राहीन, मंग?" त्या दिवसानंतर मला त्या जिनात कशाचीच भीती वाटली नाही. बाबा, माणसाला काम करायला जागा हवी तर अशी, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच पुढचं मला पचलं नाही.

शेडच्या पार टोकाला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई बसायची. सगळ्या तिला याडी म्हणायच्या, त्यांच्या बोलीत आई. दंडापर्यंत बांगड्या, त्यांच्यावर तुमच्या सांगण्यावरून फडकं घट्ट गुंडाळलेलं. नाक असं तिखट की ओल्या कापसाची गाडी फाटकात शिरली की ती शेडमधून सांगायची. त्या दिवशी मालक मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांना जिन दाखवायला घेऊन आला होता. पांढरेशुभ्र कपडे, नाकाला रुमाल. ते शेडच्या मध्यावर असतानाच याडीची हाक आली. मी मध्येच बसायचे, माझ्याकडूनही ती पुढे गेली. इंजिन थांबलं. त्या एकदम पडलेल्या शांततेत मालकाचा आवाज केवढा मोठा वाटला! "इंजिन कोणी बंद केलं?"

याडी उठून आली. म्हणाली, "मले जळल्यावानी वास आला, मालक." तिच्या मागची कापसाची गंजी उपसली. काही निघालं नाही. व्यापारी एकमेकांकडे बघून हसले. मालकाने तुम्हाला विचारलं, "मिस्त्री, या बाया वाटेल तेव्हा इंजिन बंद करतात? कोणाच्या हुकमाने?"

बाबा, तुम्ही एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हुकमाने. एवढंच. तुमच्यासारखा मिस्त्री हंगामाच्या मध्यावर मालकाला आख्ख्या जिल्ह्यात मिळाला नसता, तो तुम्हाला काढणार नव्हता. फार तर चारचौघांत दोन शब्द सुनावले असते. ते दोन शब्द तुम्हाला जड झाले. तुम्ही खाली बघून म्हणालात, "हिले सवयच हाय मालक. उगीच बोंबलते."

याडी तुमच्याकडे वळली. "मिस्तरी, तूच त सांगतलं व्हतं, वास आला का हाक दे मनून."

"मी असं काही सांगतलं नाही," तुम्ही म्हणालात.

सगळ्या शेडमध्ये आम्ही बाया. रोज सकाळी ते ऐकणाऱ्या. एकीने तोंड उघडलं नाही. मालकाने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तिने दंडावरचं फडकं सोडलं, नीट घडी करून खाली ठेवलं आणि गेली.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात. आई भाकरी थापत होती, मी वाढत होते. घरात मी तुम्हाला बाबा म्हणू शकत होते, पण जीभ वळली नाही. तुम्हीच म्हणालात, "काहून तोंड फुगवून राह्यली?" मी म्हणाले, "तुमी खोटं बोलले." तुमचा हात ताटातच थांबला. मग तुम्ही ओरडलात, आयुष्यात मला इतकं कधी ओरडला नव्हतात. "तुले काय समजते? घर मले चालवा लागते! मालकापुढं कसं बोलाव, थे आता तू शिकवशीन मले?" आई म्हणाली, जेवू द्या, जेवू द्या. तुम्ही जेवलात. मला त्याचाच संताप आला, की तुम्हाला जेवण गेलं.

आठ दिवसांनी बाजाराच्या दिवशी मी तांड्यावर गेले. तुम्हाला सांगून नाही गेले. याडी दारात गोधडीला टाके घालत बसली होती. मी म्हणाले, चाल, मी मालकाला सांगते खरं काय ते. ती हसलीही नाही. "तू कायले आली? तुयं काय चुकलं? त्याले पाठव. सगळ्या बायाईम्होरं म्हन म्हना, मीच सांगतलं व्हतं. मी कामाले नाही येत मंग, पन तेवढं म्हन म्हना."

ते मी तुम्हाला शब्द न् शब्द सांगितलं. तुम्ही म्हणालात, हंगाम संपू दे. हंगाम संपला. मग म्हणालात, आता पुढच्या वर्षी पाहू. महाराष्ट्र झाला, तुमचा खोकला वाढला, अंथरूण धरलंत, तरी तांडा काही लांब नव्हता. बैलगाडी जुंपून दिली असती मी. शेवटच्या दिवसांत तुम्ही मला म्हणालात, "याडी भेटते का कधी?" मी म्हणाले, भेटते. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तुम्हाला वाटलं असेल, तेवढ्याने भागलं. नाही भागलं. पश्चात्ताप मनात ठेवून मेलेल्या माणसाची मला कीव येत नाही, बाबा. याडीला तो तुमच्या तोंडून हवा होता.

पुढे मी शिवणाच्या केंद्रात लागले, नंतर ते मीच सांभाळलं. पोरी शाळेचे गणवेश शिवायच्या. एखादीने बेतताना कापड चुकवलं तर ती स्वतः येऊन सांगायची, कारण मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचे, चूक सांगणारीला मी बोलणार नाही. लोक विचारायचे, तुमच्या केंद्रात पोरी इतक्या मोकळ्या कशा? मी सांगायचे, वडिलांकडून शिकले. ते खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुम्ही नुसते वाईट असता तर मी कधीच विसरले असते.

हे पत्र पाठवायचं कुठे? लिहून झालं की ट्रंकेत घालीन, नाहीतर चुलीत. पण एक लिहायचं राहिलं आहे आणि ते लिहिल्याशिवाय उठले तर हे सगळं लिहिणं म्हणजे नुसता कांगावा होईल.

याडी गेल्यावर तुम्ही सकाळचं ते सांगणं चालूच ठेवलंत. कोण ऐकत होतं? बाया मान वर करत नव्हत्या. फक्त एक ऐकायची. याडीच्या जागेवर केळापूरकडची एक कोलाम बाई घेतली होती. नवीन, बुजरी, मराठी जेमतेम. तिने याडीचं काही पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिने तुमच्यावर विश्वास ठेवला. फाल्गुनात आग लागली ती तिच्याच बाजूला. वाळूच्या बादल्या पोचेपर्यंत तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. मालक म्हणाला, बाई झोपली असेल, नाहीतर ओरडली नसती का? ती ओसरीवर पडल्या पडल्या सांगत होती, "हाक देली. मी हाक देली." रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघत होत्या; याडीचं काय झालं ते पाहिल्यावर कोण तोंड उघडणार? तुम्ही थेट माझ्याकडे आलात. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला फाटकाच्या आत पोरी म्हणालात. "पोरी, तू मधात बसतं. हाक आलती का तुयापाशी?"

मी म्हणाले, नाही आली.

तुम्ही मालकाला जाऊन सांगितलंत, हाक नव्हती. माझ्या शब्दावर सांगितलंत. ती बाई भाजल्या हातानिशी आणि झोपाळूपणाचा डाग घेऊन केळापूरला परत गेली, आणि मी तिच्या गावी कधी गेले नाही.

हाक आली होती, बाबा. माझ्या शेजारणीने माझ्या कानाशी तोंड आणून ती मला दिली. मी इंजिनाच्या दाराशी उभ्या असलेल्या तुमच्याकडे पाहिलं, मला तुमचा राग आला, आणि मी ती पुढे दिली नाही.