शनिवारचा सिनेमा आणि बाहेरची कडी

मी, श्रीमती शैला ज्ञानदेव पाटसकर, वय एकाहत्तर, निवृत्त लघुलेखिका, राहणार तळमजला, इक्षुबन सहकारी गृहरचना संस्था, मांजरी रस्ता, हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. संस्थेच्या कार्यकारिणीला याबद्दल शंका असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी तो आणून पाहिला, त्यांचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझी नात सृष्टी हिच्या नावे होते. ती आता नाही.

१. माझी मिळकत : राहती सदनिका, बँकेतल्या ठेवी, टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, कपाटभर सिनेमे आणि माझ्या दिवंगत यजमानांची हत्यारपेटी. सर्व स्वकष्टाचे आहे.

२. वाटणीआधी कारण सांगते. वकीलबाई म्हणाल्या, "पाटसकरबाई, मृत्युपत्रात कारणं लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग ती लिहायची कुठे? सोसायटीच्या फळ्यावर?"

मी नोकरीला होते त्या खडकीच्या कारखान्याच्या वसाहतीत शनिवारी मैदानावर सिनेमा दाखवत. निवड माझ्याकडे होती, कारण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला वाह्यात काय ते चटकन कळते असा साहेबांचा समज होता. कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले ते इतकेच, की पडद्यावर दोन माणसे जवळ आली की सिस्टर प्रोजेक्टरच्या भिंगासमोर पुठ्ठा धरायच्या आणि आम्ही मुली त्या अंधारात सिनेमात नसलेलेही पाहायचो. झाकल्याने सिनेमा घरच्यांसाठी होत नाही. निवडावा लागतो.

माझी पद्धत साधी होती. सिनेमा आधी मी आणि यजमान शेवटपर्यंत पाहत असू. त्यांना झोप लागली की फिल्मचा डबा परत. जागे राहिले तरी मध्येच विचारायचे, "शैला, यात मला काय आहे?" उत्तर देता आले नाही तरीही डबा परत. विनोद दोन मजली हवा : खालच्या मजल्यावर पोर हसेल, वरच्या मजल्यावर बाप. सगळ्यांना एकदम तहान लागून उठावेसे वाटेल असा प्रसंग नको. मरण चालेल. मुलांना मरण कळते. फक्त त्या वेळी शेजारी कुणाची तरी मांडी हवी. म्हणूनच मोठ्यांना धरून ठेवील असा सिनेमा शोधायचा. मूल कशालाही बसते. माणसाला बसवणे अवघड.

३. इक्षुबनात आल्यावर मी शनिवारचा सिनेमा पुन्हा सुरू केला, संस्थेच्या हॉलमध्ये. एकच नियम ठेवला : खुर्च्या नाहीत, सतरंजीवर मोठ्यांनी मुलांमध्ये बसायचे. कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसणारे हे लोक कुरकुरत यायचे आणि डोळे पुसत जायचे.

२००६ च्या मे महिन्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. जाण्याआधी एका सर्कशीतल्या म्हाताऱ्या माहुताचा सिनेमा काढून ठेवला होता. शनिवारी दुपारी माझा मुलगा सुदर्शन याचा फोन आला.

"आई, तुझा माहूत राहू दे. मुलांना कार्टून लावतो. आम्ही मोठे वर गच्चीवर बसू. आठवडाभर अमेरिकेचे कॉल घेऊन डोकं उठलंय सगळ्यांचं."

"कार्टून चांगलं आहे का?"

"अगं, मुलांचं आहे. आपल्याला काय करायचंय?"

"आणि मुलांबरोबर कोण बसणार?"

"सिनेमा आहे ना!"

मी नको म्हटले. "उगाच टेन्शन घेऊ नकोस, डोळ्यावर ताण येईल," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मुले सारखी वर येऊन बापांना हाका मारू लागली, म्हणून हॉलच्या दाराला बाहेरून कडी लावण्यात आली. अंधार व्हावा म्हणून जाड पडदे ओढलेले होते. वायर जळाली, पडद्याने पेट घेतला. गच्चीवर गाणी जोरात होती. सुरक्षारक्षकाची बायको मथुराबाई, मूळची वाशीमकडची, जिन्याखाली भांडी घासत होती. तिने मला नंतर सांगितले, "बाई, दार वाजत होतं. मले वाटलं, शिनेमातच वाजून रायलं." मग फटीतून धूर आला, आणि तिने कडी काढली. बाकीची मुले खोकत बाहेर आली. सृष्टी आली नाही. वय सात. आत एक जरी मोठा माणूस असता, तरी दार वाजण्याची वेळ आली नसती.

४. चौकशीत "शॉर्ट सर्किट" असे लिहिले गेले. वायरला कुटुंब नसते, त्यामुळे ते सर्वांना सोयीचे पडले. कडी कुणी लावली हे मला विचारावे लागले नाही. सुदर्शनने स्वतः सांगितले, "आई, हात माझा होता." सून प्रियदर्शनी त्यानंतर माहेरी गेली, ती परतली नाही. मी तिला दोष देत नाही. सुदर्शन आता मुलांचा आवाज आला की खिडक्या लावून घेतो.

हॉलला नवा रंग दिला आहे. तिथे आता मुलांची खोली होणार : भिंतीवर मोठा टीव्ही, आईबाप शेजारी व्यायामाला. दाराची कडी तीच आहे. मी ती काढायला सांगितली, तर सचिव विश्वजीत म्हणाले, "काकू, तुमच्या भावना समजतात, पण विषय अजेंड्यावर नाही." अध्यक्ष बजरंगराव, ज्यांच्या उसाच्या रानावर ही संस्था उभी आहे, म्हणाले, "बाई, झालं ते झालं. कडी हाय तशी ऱ्हाऊ द्या, चोऱ्या व्हत्यात." दोघेही मग माझ्या मुलाकडे, आईला आवरा, असे सांगायला गेले.

५. सबब, यजमानांच्या हत्यारपेटीतला मोठा स्क्रूड्रायव्हर मी संस्थेला देते. तो अजेंड्याशिवायही चालतो.

६. ठेवी प्रियदर्शनीला. सृष्टीची बसायची गोधडीही तिचीच. ती मी धुतलेली नाही.

७. सदनिका, टीव्ही, डीव्हीडी प्लेअर आणि सिनेमे सुदर्शनला, पण पुढील अटींवर. दर शनिवारी संध्याकाळी पुढच्या खोलीत संस्थेतल्या मुलांसाठी सिनेमा लावावा. खोलीच्या दाराची कडी मी काढून टाकली आहे. पुन्हा बसवू नये. सुदर्शनने सिनेमा संपेपर्यंत सतरंजीवर, दाराजवळ बसावे. हे त्याला जड जाईल हे मला माहीत आहे. शिक्षाच द्यायची असती, तर मी घर दुसऱ्याला दिले असते. इतर आईबापांनी मुले आणून सोडून जाऊ नये. जाणाऱ्याचे मूल त्याच्यासोबत परत पाठवावे.

त्याने या अटी नाकारल्या, तर या कलमातले सर्व मथुराबाईला मिळावे. तिला अट नाही. उशिरा का होईना, दार तिने उघडले.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. मुक्ताबाई शितोळे यांनी करावी. माझ्या नावाने संस्थेत शोकसभा घेऊ नये. घेतल्यास हॉलमध्ये घेऊ नये.

९. कोणते सिनेमे लावावेत, हे लिहून ठेव असे सुदर्शन परवा म्हणाला. मी लिहिणार नाही. मुलांना काय आवडेल याची त्याने चिंता करू नये, ती बसतील. त्याने प्रत्येक सिनेमा आधी स्वतः पाहावा आणि त्याच्या वडिलांचा प्रश्न स्वतःला विचारावा. उठून जावेसे वाटणार नाही असाच लावावा. पहिल्या शनिवारी माहुताचा लावावा. सृष्टीचा तो बघायचा राहिला आहे, आणि त्याचाही.

वरील सर्व मी वाचून, चष्मा लावून, खालील दोघांसमोर सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही : शैला ज्ञानदेव पाटसकर

साक्षीदार :
१. डॉ. दिगंबर लोणकर, हडपसर
२. श्रीमती आनंदीबाई घुले, शेजारीण (ह्यांचा नातू त्या दिवशी आत होता)

स्थळ : पुणे
दिनांक : १२ नोव्हेंबर २००७