अकरा पिढ्यांची हजेरी

ता. ३, मंगळवार

आधी दुरुस्ती. रविवारी लिहिलं की थोरलीच्या दंडावरचा निळा डाग दार लागून झाला. दार नव्हतं. मी चिमटा काढला. डाव्या दंडाला, आतल्या बाजूने, बाहीखाली झाकला जाईल असा.

बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. त्यांचा नियम — वहीत चूक सापडली की आधी दुरुस्ती, मग पुढचं. तो मी अजून पाळते. चिमट्याची जागाही त्यांचीच.

काल शाळेतल्या बाईंनी डागाबद्दल विचारलं. त्यांनाही दारच सांगितलं. ती दुरुस्ती झालेली नाही.

ता. ४, बुधवार

सण तेरा तारखेला, शुक्रवारी. इथे परदेशात त्या दिवशी कोणाला काही नाही. शाळा आहे, माझं काम आहे, कचऱ्याची गाडी आहे.

सासरी सणाच्या दिवशी हजेरी असते. नातवंडांनी वयाप्रमाणे ओळीत उभं राहायचं आणि घराण्याच्या अकरा पिढ्या म्हणायच्या — एकेका पुरुषाचं नाव आणि त्याने केलेलं एक काम. आमची हजेरी फोनवर होते. धाकटा दोन वर्षांचा, त्याला माफी. थोरली सहाची. गेल्या वर्षी ती चौथ्या पिढीला अडली आणि टेबलाखाली जाऊन बसली. जाऊबाई म्हणाल्या, "असू दे हो, पाहुणीच ती." सासूबाई हसल्या नाहीत. "पुढच्या वर्षी अडली तर इकडे आणून ठेवा. माणसांत येईल."

नवरा म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे हो. लग्नाआधी मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून रोज संध्याकाळी पाठांतर. आज दोन चुका. दोन चिमटे.

ता. ६, शुक्रवार

हॉटेलच्या लॉन्ड्रीत माझ्या जोडीला इस्त्रीवाली असते. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. समोरासमोर चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे. जवळ येऊ तेव्हा एक वाक्य बोलता येतं. आमच्या सगळ्या गप्पा अशा हप्त्याहप्त्याने.

तिला सहज विचारलं, इथे मुलाच्या अंगावर वळ दिसला तर काय करतात?

"शाळा वर कळवते."

मागे गेलो. पुढे आलो.

"मग घरी सरकारच्या दोन बायका येतात. फ्रीजसुद्धा उघडून बघतात."

मागे. पुढे.

"माझ्या बहिणीकडे आल्या होत्या. चौकशी संपेपर्यंत पोराला देशाबाहेर नेता येत नाही. ती वर्षभर आईला भेटायला जाऊ शकली नाही. आणि दोन पोरांतलं धाकटं बाळ आठ महिने परक्यांच्या घरी ठेवलं. तिने तर काही कबूलही केलं नव्हतं."

माझ्या हातून टोक सुटलं. चादर जमिनीला लागली, पुन्हा धुवायला टाकली.

"का गं विचारतेस?"

सहज, म्हटलं.

दाराचं सांगितलं ते बरं केलं, असं दिवसभर वाटत राहिलं. तसं वाटलं, हेही लिहायला हवं.

ता. ८, रविवार

पाचव्या पिढीने गावासाठी विहीर खणली. थोरली म्हणाली, "विहिरीत पडले." धाकट्याने ते उचललं — पल्ले, पल्ले — आणि स्वतः सतरंजीवर दाणदाण पडायला लागला. मलाही हसू फुटलं. थोरलीला वाटलं, आज सुटले. तीही हसली. मग मी चिमटा काढला.

ती रडली नाही. तिने बाही खाली ओढली आणि पहिल्या पिढीपासून सुरू केलं. बाही ओढायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी विचारलं, "आई, ह्यात तू कितवी?"

"मी नाही ह्यात."

"मग मी?"

"तूही नाहीस. ह्यात मुलगे असतात."

"मग मी कशाला पाठ करायचं?"

त्याबद्दल दुसरा. ती चूक नव्हती, प्रश्न होता. बाबांकडे दोन्हींना एकच शिक्षा असे.

ता. ११, बुधवार

अकराच्या अकरा. न अडखळता. मी तिला उचलून दोन गिरक्या घेतल्या. ती म्हणाली, "डाव्या हाताला धरू नकोस."

ता. १३, शुक्रवार. सण.

सकाळी सहाला दोघांना आंघोळी, नवे कपडे. थोरलीला लांब बाह्यांचा फ्रॉक. मी गोडाचं केलं होतं. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. तिकडे सगळे जमलेले. सणाला बोलावलेले माझे बाबासुद्धा, व्याह्यांच्या मानाच्या खुर्चीत. नवरा म्हणाला, "पाया पडा सगळ्यांच्या." थोरली फोनसमोर वाकली. धाकट्याने डब्याच्या पाया पडून घेतलं.

जाऊबाईंचा मुलगा नऊ वर्षांचा. आठव्या पिढीला अडला. जाऊबाई म्हणाल्या, त्याला सर्दी आहे.

थोरलीने अकरा पिढ्या म्हटल्या. हात शिवणीला, नजर समोर. विहीर खणली.

मग सासूबाई म्हणाल्या, "कोणी गं शिकवलं इतकं छान?"

"आईने."

"कसं शिकवलं?"

थोरलीने बाही वर केली आणि दंड फोनला लावला. "असं."

आता माझा पंचनामा, असं वाटलं. खरं लिहायचं तर — आता कोणीतरी थांबवेल, असंही वाटलं.

ते हसले. आधी दीर, मग सगळे. दीर म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे पण दोन पाठवा कुरिअरने. ह्याची सर्दी जाईल." सासूबाईंनी डोळे पुसले. "आज खरी आमच्या घरची झालीस हो सूनबाई." लग्नाला आठ वर्षं झाली. पहिलं कौतुक.

बाबा खुर्चीतून उठून फोनजवळ आले. चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, "जागा बरोबर आहे."

नवराही हसत होता.

सासूबाई म्हणाल्या, "अशी हुशार पोर तिकडे वाया जायची. पाठवा आता."

मी म्हटलं, "आई, अडली तर, असं म्हणाला होतात."

"अडली असती तर सुधारायला आणली असती. नाही अडली, तर घडवायला आणू. बिघडलं काय?"

नवरा फोनकडे बघून म्हणाला, "बावीस तारखेचं विमान आहे, आई. मी सोडून येतो." तिकिटं महिन्यापूर्वीच काढलेली होती. म्हणजे आम्ही पाठांतर करत होतो तेव्हा ती होतीच.

थोरलीला नव्या फ्रॉकमध्ये शाळेत सोडलं. कामावर गेले. इस्त्रीवाली म्हणाली, आज काय गं नवी साडी? आमचा सण आहे, म्हटलं. "मग हास की जरा." मागे गेलो.

ता. १४, शनिवार

"परत कधी येईल?" मी नवऱ्याला विचारलं.

"दहावी झाली की बघू."

"मला विचारलं नाहीत."

"तू रडली असतीस. बघ, आताही रडतेसच." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "आणि मार खायचाच आहे तर आपल्या माणसांत खाऊ दे. इथे कोणी बघितलं तर भानगड व्हायची."

आईची संमती लागते ना, म्हटलं. त्याने कागद दाखवला. माझी सही. मागच्या महिन्यात शाळेच्या कागदांबरोबर पुढे ठेवला होता. मी विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचते. हा वाचला नाही, कारण तो म्हणाला, "अगं कर लवकर, मला उशीर होतोय."

पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या कपाटात आहे.

ता. १५, रविवार

बाबांना फोन केला. म्हटलं, तुम्ही सांगून बघा त्यांना, तुमचं ऐकतील. बाबा म्हणाले, "पोर चांगल्या हातात जाते आहे." मग म्हणाले, "तुलाही त्रास झालाच होता. बिघडलीस का?"

ह्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. इथे देते. हो.

ता. १६, सोमवार

थोरलीने स्वतःची बॅग भरली. रंगीत खडू, एक मोजा, धाकट्याची बाटली. बाटली काढून ठेवली तर धाकटा नाही, ती रडली.

"आजीकडे पण अकरा पिढ्या म्हणायच्या?"

"हो."

"रोज?"

"बहुतेक."

तिने उजव्या हाताने डावा दंड धरला आणि तसाच धरून जेवली. डाव्या हाताने जेवायची तिला सवय झालेली दिसते. मी आज पाहिलं.

लॉन्ड्रीत इस्त्रीवालीला विचारलं, तुझ्या बहिणीने सगळं आपण होऊन कबूल केलं असतं तर?

"वेडी आहेस? दोन्ही पोरं नेली असती."

मागे. पुढे.

"नेलीच असती असं नाही. पण एकदा बोललं की ते मागे घेता येत नाही."

मागे. पुढे.

"चौकशी मात्र त्याच दिवशी सुरू होते. ते लोक वाट बघत नाहीत."

पुढच्या चादरीला ती माझ्याकडे बघत राहिली. टोकं मात्र बरोबर जुळवली.

ता. १७, मंगळवार

घरात मी ओरडले. त्याने खिडकी लावून घेतली. बाकी काही झालं नाही.

ता. १८, बुधवार

तारखा वेगळ्या कागदावर उतरवल्या. एक तारखेला एक, चारला दोन, आठला दोन. एकूण पाच. पुन्हा मोजले. शेवटचे दोन पिवळे पडलेत, पण दिसतात.

धाकट्याचे आवडीचे कपडे धुऊन, घडी घालून वरच ठेवले. कोणी नेलंच त्याला, तर शोधाशोध नको.

उद्या, गुरुवार, ता. १९. विमानाला तीन दिवस. दुपारी सव्वातीन. शाळा सुटल्यावर बाई वर्गात एकट्याच असतात. दार नव्हतं, एवढं सांगायचं आणि कागद द्यायचा. थोरलीला अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक.