तीन नंबरचा श्वास

अहो, ऐकताय का?

जन्मभर अशीच हाक मारली आणि जन्मभर तुम्ही ऐकली नाहीत. म्हणून आता कागदावर लिहिते. चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढंच येतं मला. चुका काढायला परत येऊ नका.

लिहायचं कारण तुमची ती गाडी, आणि काल जे झालं ते. आधी गाडीचं सांगते.

रविवारी दीपाने तिच्यावरची ताडपत्री ओढून काढली. तुमचं वर्षश्राद्ध झालं तरी त्या गाडीला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. नात मात्र तुमच्यावर गेलीय. म्हणाली, "आजी, उद्यापासून दापोड्याला गोडाऊनच्या ड्युटीला मी हिच्यावरनं जाणार. रिक्षात कोंबायला मी काय मेथीची जुडी हाय?"

त्याच दापोड्याच्या भंगारातून तुम्ही ही गाडी पोत्यांत भरून आणली होतीत. परदेशी मोटारसायकल, चार सिलिंडरची, आणि चौघांना चार कार्बोरेटर! मी म्हटलं होतं, एका घरात चार चुली, आता बसा फुंकत. तुम्ही हसून म्हणालात, "चौघांनी सारखा श्वास घेतला की झालं."

सारखा श्वास! तो ऐकायला रबरी नळी. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. चालू गाडीत हवा ओढल्याची फुसफुस चौघांची सारखी व्हायला हवी. नसेल तर स्क्रू पिळायचा आणि पुन्हा ऐकायचं. पण ऐकणार कोण? लूमच्या खटखटाटात माग दुरुस्तीची जॉबरकी करून तुमचे दोन्ही कान कधीच गेलेले. चारचौघांत कबूल करायचं नव्हतं, म्हणून नळी माझ्या कानात घातलीत. जास्त ओढतो तर बोट वर, कमी तर बोट खाली, जुळलं की मूठ. तुम्ही हातात पेचकस धरून माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. लग्नात एवढं बघितलं नव्हतं!

आणि वर टोमणा. "दोन नंबरला स्क्रूच न्हाय. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. घरात तू हायस ना, तसाच." आठवतंय? मी नळी फेकून मारली होती.

मग त्याच लूमचा कापूस तुमच्या छातीत बसला. हवा लागावी म्हणून खाट ओट्यावर आणली. तो महिनाभर मी तुमचा श्वासच ऐकत होते. आत जाताना मध्येच अडकायचा, थांबायचा, मग हिसका देऊन पुढे जायचा. प्रत्येक वेळी मी माझाही धरून ठेवायची. त्या शेवटच्या दुपारी लाईट गेली होती, सगळी गल्ली शांत. तुमचा श्वास अडकला. मी वाट बघतेय, आणि तेवढ्यात लाईट आली! शेजारचे सगळे लूम एकदम धडधडायला लागले. मी छातीला कान लावला तर लूमच ऐकू येत होते. ते थांबेपर्यंत तुम्ही गार झाला होतात. तुमचा कान होते ना मी? आणि शेवटचा श्वास मला ऐकू आला नाही. मध्ये अडकला होता, पुढे गेला की नाही, तेही ठाऊक नाही.

तर रविवारी दीपाने कार्बोरेटरला हात पोचावा म्हणून टाकी काढली आणि तिच्याजागी पेट्रोलची बाटली ओट्यावरच्या त्याच खिळ्याला लटकवली. तुमची सलाईन टांगलेली असायची, त्या. गाडी चालू झाली. एक नंबर ठीक. दोन, चार नंबरही ठीक. तीन नंबरला नळी लावली आणि माझा हात थांबला.

आत जाताना अडकत होता. थांबायचा, मग हिसका. अहो, तुम्हीच!

"आजी, कसा हाय?"

मी नळी कानात अजून घट्ट दाबली.

"आजी! बोट वर की खाली?"

मला वाटलं, राहू दे असाच. स्क्रू पिळला की हा जाणार. निदान या नळीत तरी माझ्यापाशी राहील. पण पोरगी उद्या मोठमोठ्या ट्रेलर-ट्रकांच्या मधून जाणार. भर रस्त्यात गाडी अडखळली म्हणजे? मी बोट खाली केलं. तिने थोडं पिळलं. मी अजून खाली केलं. तो अडकलेला हळूहळू सुटत गेला, सुटत गेला, आणि एकदम सरळ आत गेला. मग बाकीच्या तिघांसारखाच झाला. मी मूठ वळली.

"रडतेस काय गं?"

"धूर गेला डोळ्यात. तू तुझं काम कर."

म्हटलं, संपलं. ऐकायचं राहिलेलं ऐकून झालं. पण काल दुपारी लाईट गेली, लूम गप्प झाले, आणि भांडी घासताना मला ओट्यावरनं फुसफुस आली. अडकणारी. मी जाऊन बघितलं. ओटा रिकामा. गाडी तर दापोड्याला होती.

जिवंतपणी घसा फाडून बोललात, आता कसली कुजबुज करता? काय हवंय?

एक सांगते. दीपा जेव्हा जेव्हा कार्बोरेटर जुळवेल, तेव्हा नळी मीच धरणार आणि तुमचा श्वास तिच्या गाडीत अडकू देणार नाही. गाडीत येऊ नका. ओट्यावर या. मी हातातलं भांडं खाली ठेवून ऐकेन. आणि या वेळी लाईट आली, सगळे लूम सुरू झाले, तरी कान काढणार नाही.

तुमचा कान,
पार्वती