कुंकू लागलेलं मशीन

२४ सप्टेंबर, बुधवार
स्क्रू मारायचं जुनं वायरचं मशीन आज जळलं. धूर, वास, काम बंद. बरंच झालं म्हणायचं — त्या वायरीत पाय अडकून कुणी ना कुणी पडतच होतं. आता बॅटरीचं घ्यायचं. मधपेट्यांचं काम म्हणजे दिवसभर स्क्रूच स्क्रू. तळाला, कोपऱ्यांना, झाकणाच्या पट्ट्यांना. बोरीच्या सुदर्शनला डाळिंबाच्या बहराआधी पेट्या हव्यात.

स्क्रू मारायचं काम द्रौपदाचं. कळंबला ही शेड टाकली तेव्हापासून ती माझ्याबरोबर आहे. निघताना म्हणाली, "ताई, हलकं बघा. मनगट आधीच कुरकुरतंय."

२७ सप्टेंबर, शनिवार
मंचरला गोकुळच्या दुकानात. त्याने दोन मशीनं पुढे ठेवली. एक लहान, मुठीत मावणारं. दुसरं दणकट, मोठ्या बॅटरीचं.

"तुमच्या कामाला लहान बरं," तो म्हणाला. "स्क्रू बसला की आपोआप थांबतं. मोठ्याची ताकद तुमाला लागती कुठं?"

बायकांची शेड म्हणून खेळणं हातात देतोय, असंच वाटलं मला. बँकेत, वखारीत, सगळीकडे हेच ऐकत आले आहे. मोठं उचललं. फळीच्या तुकड्यात एक स्क्रू मारून पाहिला — सर्रकन आत. "हेच द्या."

"आठ दिवस वापरा. न्हाई पटलं तर बदलून देतो. फकस्त डाग-चरा नको, असंच कोरं आणा."

बदलायची वेळ यायची नाही, असं मी त्याला ऐकवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. करवती, रंधे, हातोड्या पुसून मांडल्या. मधोमध नवीन मशीन. रंगकाम करणाऱ्या कुशाबाईने त्याला कुंकवाची पाच बोटं ओढली, स्क्रू पकडायच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं. द्रौपदाकडे पूजाअर्चा नसते, ती खोबऱ्याचा तुकडा चघळत बाजूला बसली होती.

"कुंकू लागलं, म्हंजे ह्ये आता सासरी आलं," म्हणाली. "नांदवा बरं का नीट."

सगळ्या हसल्या. मीही.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. शेड बंद. द्रौपदा विहारात.

४ ऑक्टोबर, शनिवार
कालपासून मशीन चालू. वेग चांगला आहे. पण द्रौपदाची कुरकुर — "स्क्रू बसला की हिसका देतंय, ताई. हात पिरगळल्यागत व्हतंय. बदलून आणा." मशीनच्या गळ्याशी रिंग आहे, ती फिरवून ताकद अगदी कमी केली. तरी या मऊ लाकडाला ती जास्तच.

गोकुळची मुदत उद्यापर्यंत होती. आजच जाता आलं असतं.

कुशाबाई म्हणाली, "कुंकू लागलेली वस्तू कोण माघारी करतं का?"

द्रौपदा तिच्यावर खेकसली. "का? पोरगी नांदली न्हाई तर माघारी आणत्यातच की."

मी कुशाबाईची बाजू घेतली. आयुष्यात मुहूर्त न पाहणारी मी! बी.एस्सी. झालेली! खरं सांगायचं तर गोकुळसमोर ते मशीन परत ठेवायची लाज वाटत होती. कुंकू आयतं सापडलं. "सवय होईल," म्हणाले द्रौपदाला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
द्रौपदा दुपारी मनगटाला ओला फडका गुंडाळून बसली होती. मी पाहिलं. काही विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
वाईट दिवस. सुदर्शन पेट्या बघायला आला. एकेक उचलून कोपऱ्यावरून अंगठा फिरवत गेला. स्क्रू गरजेपेक्षा आत गेलेत, फळ्या चिरल्यात.

"ताई, हितनं मुंग्या आत शिरत्याल. माश्या पेटी सोडून जातील राव. अशा कशा न्यायच्या?"

मी त्याच्यासमोर द्रौपदाला झापलं. "लक्ष कुठे असतं तुझं?"

तिने मशीन खाली ठेवलं. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेव्हाच कळायला हवं होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
द्रौपदा तीन दिवस आली नाही. आज तिची मुलगी कल्याणी आली, एप्रन घडी करून घेऊन.

"आईचं मनगट सुजलंय, काकू. डॉक्टरांनी पट्टा बांधलाय. महिनाभर उजव्या हातानं काही उचलायचं नाही."

"आणि मग?"

"शिनोलीला मामाच्या दुकानात बसणार म्हणते."

ती गेल्यावर मशीन मी स्वतः हातात घेतलं आणि तळाच्या फळ्या जोडायला बसले. पहिले काही स्क्रू मजेत गेले. मग खांदा भरून आला. मग प्रत्येक हिसक्याआधी दात आवळायला लागले. जेवणाच्या सुट्टीत चहाचा कप तोंडापर्यंत नेता येईना. कुशाबाईने बशीत ओतून दिला.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका स्क्रूवरून दिवसभराच्या कामाची होत नाही. आणि काम करणार ती, परीक्षा घ्यायला गेले मी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
गोकुळकडे. त्याने मशीन उलटंसुलटं पाहिलं. खाचांमध्ये कुंकू अजून लाल.

"ताई, ह्याला कोरं कसं म्हणू?"

"म्हणू नकोस. लहान काढ, पैसे वेगळे देते."

या वेळी फळ्या बरोबर नेल्या होत्या. त्याच्या पायरीवर बसून मारत राहिले. स्क्रू बसला की टक् करून थांबतं. हिसका नाही, चीर नाही. गोकुळ एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
फराळ आणि लहान मशीन घेऊन द्रौपदाकडे गेले. मशीन तिने पाहिलं, हात लावला नाही. चहा डाव्या हाताने दिला. जराही सांडला नाही.

"चुकले मी," म्हणाले.

"चांगलं दिसतंय मशीन. पर सांगितलं तवाच आणायचं व्हतं."

"पेट्या मी पुन्हा बांधून घेतेय सगळ्या."

"पेट्यांचं काय, लाकूडच ते. त्या पावण्यासमोर बोललात…" पुढचं तिने कपाबरोबर विसळून टाकलं.

मशीन परत घेऊन आले. ठेवून यायला हवं होतं का? मनगटाला पट्टा असलेल्या बाईकडे मशीन ठेवून यायचं, तेही बरं दिसलं नसतं. वाटभर हाच विचार. हल्ली माझं काहीच नीट ठरत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार
स्क्रू मीच मारतेय. जमतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी द्रौपदाचा फोन. बरी आहेस का, हे मी विचारायच्या आधी तिनेच विचारलं — "त्या लहान मशीनचं उलटंसुलटं फिरवायचं बटण डाव्या हातानं दाबता येतं का वो?"

"येतं," म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पाहिलंच नव्हतं. उठले. मशीन डाव्या हातात धरलं. अंगठ्याने नाही, पहिल्या बोटाने. येतं.