मर्नाच्या बुटातला उंदीर

१९ ऑक्टोबर, सकाळी
मर्ना तिच्या बहिणीकडे, डोरीनकडे गेली. कारण उंदीर. "माझ्याच्याने आता होत नाही, ऑर्विल," असं ती म्हणाली, आणि नेमका तेव्हाच तिच्या बुटातून तो बाहेर आला. रानातला, पांढऱ्या पोटाचा, बटाट्याएवढा, पण तोरा मोठा. बुटात मूठभर रानचेरीच्या बिया. बायको घाबरणारच.
चार दिवसांसाठी शिलाई मशीन कशाला नेलं, कळलं नाही. मांजर पण नेली. हे मात्र चुकलं.
संकल्प: रविवारपर्यंत उंदीर बाहेर, मर्ना आत.

२० ऑक्टोबर
लायब्ररीतून पुस्तक आणलं. अकरा पानं वाचली. विषय पूर्ण समजला.
सापळ्याला चीज लावलं. शेजारी फर्लंड म्हणाला, "चीज कोण खातं? पीनट बटर लाव." लाकूडतोड्याकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही.

२१ ऑक्टोबर
चीज तसंच. माझ्या लोकरी मोज्याचा अंगठा गायब. गादीसाठी नेला असणार.

२३ ऑक्टोबर
सापडला! पीनट बटर लावलं होतं (कल्पना माझीच). डावा कान फाटका, डोळे हे एवढे. मारला नाही. मन मोठं आहे माझं. ओढ्यापलीकडे सोडला.
मर्नाला फोन. डोरीनने उचलला. म्हणाली, "ती नाचाच्या क्लासला गेलीय." ऐकण्यात चूक झाली असावी. एकतीस वर्षांत मर्ना कधी नाचली नाही. मी विचारलं नव्हतं हे खरं, पण आवड असती तर बोलली असती ना.

२५ ऑक्टोबर
दुसरा उंदीर. याचाही डावा कान फाटका. या जातीचं लक्षण दिसतं. नोंद केली.

२९ ऑक्टोबर
पाचवा. कान तसाच. फर्लंड पोट धरून हसला. "अरे, एकच आहे तो! ओढ्याचं काय कौतुक त्याला? घराची ओढ असली की येतं जनावर परत. नाहीतर काही जणं..." एवढं बोलून थांबला आणि उगाच लाकडं रचू लागला. अर्धवट बोलायची सवयच आहे त्याला.

१ नोव्हेंबर
रविवार येऊन गेला. कोणता रविवार, ते मी लिहिलं नव्हतं.
भांडी साचलीत. मुद्दाम ठेवलीत, आमिष म्हणून.

६ नोव्हेंबर
गाडीत घालून एकोणीस मैल दूर, नदीपलीकडे सोडला. उतरून दोन उड्या, मग पानांत गडप. मागे वळूनही पाहिलं नाही. कृतघ्न.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
तीन दिवस घर निर्धोक. फत्ते! चुलीमागे वर्तमानपत्रावर पुढच्या पायांनी टपटप वाजवायचा, तेही बंद. शांतता उत्तम. रेडिओ लावून ठेवलाय.

११ नोव्हेंबर
दाढी केली. भोपळ्याचा केक घेतला आणि डोरीनकडे गेलो. मर्ना स्वयंपाकघरात मशीनवर लाल झगा शिवत होती. मी उभ्या उभ्याच जाहीर केलं, "घर साफ आहे. कोट घाल, चल."
तेवढ्यात फळीखालून एक उंदीर निघाला. पांढऱ्या पोटाचा. मी खुर्चीवर. मर्नाने नुसता पाय बाजूला घेतला. "जाऊ दे त्याला," म्हणाली, "बाहेर थंडी आहे." मांजर शेजारी झोपलेली.
मी विचारलं, "तुला उंदीर चालतात?"
"उंदराबद्दल मी कधी काय म्हटलं होतं, ऑर्विल?"
"मग गेलीस कशाला?"
डोरीन दार ओढून बाहेर गेली. मर्नाने मशीन थांबवलं. "विचारलंस एकदाचं," म्हणाली. "खाली उतर आधी. बस."
मग तिने सांगितलं. न ओरडता, एकेक करून. पाऊण तास लागला.
त्यात उंदीर कुठेच नव्हता.