वहीत नसलेली बिस्किटं

अगं,

सकाळची शिफ्ट आहे, निघालो. पिटुकलीला पेज भरवली आहे. निळ्याच वाटीत, नाहीतर ती तोंड उघडत नाही.

आज तू ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांपुढे आपली वही वाचणार आहेस. गहू आणि दूध बंद केल्यापासून पोरीत कसा फरक पडला, ते सांगणार आहेस. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. गेले चार महिने रोज संध्याकाळी बागेतून येताना मी तिला दोन बिस्किटं देतोय. साधीच, गव्हाची आणि दुधाची. सगळंच तोडलेलं माझ्याने बघवेना. 'आज डोळ्यांत बघून हसली' असं तू वहीत लिहिलंस, त्या दिवशीही ती बिस्किटं खाऊनच घरी आली होती. तुझा चेहरा इतका फुलला होता की माझी जीभच रेटली नाही.

वही वाचू नकोस गं. त्या बिचाऱ्या आया आज घरी जाऊन पोरांच्या पुढ्यातलं ताट उचलतील.

माझ्यावर हवी तेवढी चीड. पुडा रेनकोटच्या खिशात आहे. आज संध्याकाळी तूच दे. देताना ती आपल्या तोंडाकडे बघते.